पॅकिंग अपुरे

होमराजच्या निलंबनाच्या आदेशात एक आकडा होता, आणि तो आमच्या कंपनीने पुरवलेला होता.

होमराज माझा धाकटा भाऊ, कारघाट वनपरिक्षेत्रात वनरक्षक. सोळा वर्षांची नोकरी, त्यातली नऊ एकाच बीटवर, म्हणजे राखणीच्या एकाच पट्ट्यावर. आदेशाचा फोटो त्याने मला पाठवला तेव्हा मी हबच्या कॅन्टीनमध्ये पोहे खात होते. सरकारी भाषा, त्यामुळे दोनदा वाचावा लागला. त्याच्या बीटवरची खवले मांजरांची नांदती बिळं दोन वर्षांत अडतीसची चार झाली होती. याच दोन वर्षांत जिल्ह्यातून पार्सलने गेलेल्या वन्यजीव अवयवांची नोंद शून्य होती. शून्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, माहितीचा स्रोत: तत्पर पार्सल सेवा. माल पार्सलने गेला नाही, म्हणजे तो पायवाटेने कोणाच्या तरी डोळ्यांदेखत गेला. पायवाटेवर सरकारचा माणूस एकच होता.

चोर सापडत नाही, तर राखणदाराला धरा. हे लिहायला कोणा साहेबाला किती मिनिटं लागली असतील? पण त्या संतापात एक खडा होता. तो शून्य खोटा आहे हे ज्या चार-पाच माणसांना माहीत होतं, त्यांतली एक मी होते.

मी कुमुद नेवारे. तत्परच्या नागपूरबाहेरच्या हबवर तपासणी विभागाची प्रमुख. पार्सलच्या धंद्यात एकवीस वर्षं झाली. काउंटरवर पावत्या फाडण्यापासून सुरुवात केली, त्यामुळे कुठल्याही खोक्याला हात लावला की तो कोणी बांधलाय, गृहिणीने की दुकानदाराने, ते मला सांगता येतं.

वन्यजीवांच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध सरकारने खाजगी कंपन्यांना भागीदार करून घेतलं त्याला पाच वर्षं झाली. कल्पना चांगली होती. खवले, नखं, चांदणी कासवं हे सगळं शेवटी जातं कशातून? आमच्याच ट्रकमधून, आमच्याच पावतीवर. वनखात्याच्या नाक्यावर दोन माणसं आणि एक बांबू. ती रोजची चाळीस हजार खोकी कशी उघडून बघणार? म्हणून विमानवाले, बँकवाले, कुरियरवाले एकत्र आले, 'वन्यमित्र वाहतूक मंच' निघाला, आणि आमच्या हबवर यंत्र बसलं. कागदोपत्री त्याचं नाव घ्राणक. लोडिंगची माणसं तिला नाकवाली म्हणतात.

नाकवालीचं काम समजायला सोपं आहे. कुठलाही प्राणी, जिवंत किंवा मेलेला, सतत झडत असतो. कातडीचा भुगा, केसाचा तुकडा, सुकलेल्या लाळेचा कण. आपल्या डोळ्याला तो दिसत नाही, पण त्यात त्या प्राण्याचा डीएनए असतो. पट्ट्यावरून खोकं आलं की दोन मऊ उशांमध्ये ते हलकेच दाबलं जातं. फटीफटींतून थोडी हवा बाहेर पडते, ती गाळणीतून ओढली जाते आणि गाळणीवर अडकलेले कण एका थेंबात विरघळवले जातात. त्या थेंबात प्रथिनांच्या कात्र्या सोडलेल्या असतात. एकेका कात्रीला एकाच प्राण्याच्या डीएनएतला एक ठरावीक तुकडा ओळखता येतो. तो भेटला की कात्री चालू होते, आणि एकदा चालू झाली की शेजारचे रंगाचे धागेही कापत सुटते. धागे तुटले की ठिपका चमकतो. दोनशे चौदा प्राणी, दोनशे चौदा ठिपके, आणि चाळीस सेकंदांत निकाल.

चाचणीच्या पहिल्याच आठवड्यात, वर्षाचा हिशेब सुरू होण्याआधीच, खवले मांजराचा ठिपका चमकला. आम्ही नियमाप्रमाणे फोन केला. माणसं आली, खोकं घेतलं, आणि मुद्देमाल म्हणून ट्रकही घेतला. ट्रकमध्ये बाकीची सातशे पार्सलं होती. कोणाची औषधं, कोणाच्या लग्नाच्या साड्या. सगळं सोळा तास पंचनाम्यात अडकलं. विभागीय व्यवस्थापक अनिरुद्ध सबनीस यांचा पुण्याहून फोन आला. "कुमुद, यावर काहीतरी उपाय काढ. तू काढशीलच."

मी काढला. कोणी सांगितला नव्हता, माझ्या डोक्यातून निघाला.

आमच्या धंद्यात लोणच्याच्या बरणीतून तेल झिरपायला लागलं, बॅटरी गरम लागली, अत्तराचा भपकारा आला, की खोकं पुढे जात नाही. त्यावर चिठ्ठी लागते: 'पॅकिंग अपुरे. कृपया पुन्हा नीट बांधून पाठवावे.' आणि ते पाठवणाऱ्याच्या दारात परत जातं. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे ठेवून घेणं हे पार्सलवाल्याला पाप वाटतं. एकतर ती पोचवायची, नाहीतर परत करायची. मी तोच नियम नाकवालीला लावला. ठिपका चमकला की चिठ्ठी, आणि माल परत. मला प्रामाणिकपणे वाटलं होतं की चोराचा माल त्याच्याच दारात परत आला की त्याची तंतरेल आणि तो धंदा सोडेल. एकवीस वर्षांत परत आलेल्या पार्सलाने वरमलेलीच माणसं मी पाहिली होती.

सबनीस साहेब खूश झाले. परत गेलेलं पार्सल 'सापडलेलं' धरायचं नाही असा अर्थ त्यांनी काढला, कारण वाहतूक झालीच नाही. वर्षाच्या शेवटी आमची नोंद शून्य आली. शून्यावर मंचाचं प्रमाणपत्र, प्रमाणपत्रावर हिरवं स्टिकर, आणि हिरव्या स्टिकरचा ट्रक कुठल्याही वननाक्यावर थांबवायचा नाही असा करार झाला. दुसऱ्या वर्षी नाकेच बंद केले. यंत्र बघतंय म्हटल्यावर माणसं कशाला? मला नागपुरात समारंभ करून शाल, श्रीफळ आणि काचेचा बिबट्या दिला. बिबट्या अजून टीव्हीवर आहे. होमराजची मुलगी आली की त्याच्याशी खेळायची.

आदेश वाचून झाल्यावर पोहे तसेच टाकून मी खुर्चीवर जाऊन परतीच्या पार्सलांची यादी उघडली. दोन वर्षांत ठिपका चमकून परत गेलेली पार्सलं एकेचाळीस होती. बहुतेक एकेकटी, कोणी एकदा पाठवून पुन्हा न फिरकलेला. पण चौदा पार्सलं एकाच नावावर होती. पळसगंध वनोपज, कारघाट फाटा. आतल्या मालाचं वर्णन मध, हिरडा, मोहफूल. सगळ्यांना एकच ठिपका, खवले मांजराचा. दर दहा-बारा दिवसांनी एक, गेल्या ऑगस्टपर्यंत. त्यानंतर पळसगंधचं एकही पार्सल परत गेलं नव्हतं.

सुटले असतील या नादातून, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. मग पळसगंधची पुढे गेलेली पार्सलं काढली. ऑगस्टपासून एकशे सहा पार्सलं गेली होती, तीच वजनं आणि तेच दूरचे पत्ते. एकाही पार्सलाला नाकवालीचा एक ठिपका चमकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इस्माईलभाईंच्या गाडीत बसले. ते त्या भागात पार्सलं पोचवतात. पन्नाशीचे, कमी बोलणारे. ती चौदाही पार्सलं त्यांनीच परत नेऊन दिली होती. मी ग्राहकसेवेची पाहणी करायला निघालेय एवढंच त्यांना सांगितलं.

पळसगंध म्हणजे फाट्यावरचं पत्र्याचं मोठं गोदाम, पुढे स्वच्छ दुकान, बाटल्यांत मध. मालक भैयालाल, केस चापून बसवलेले, कपाळाला गंध. मी कंपनीची आहे म्हटल्यावर खुर्ची पुसून दिली आणि चहा सांगितला.

"तुमच्यासारखी कंपनी नाही बाप्पा," तो म्हणाला. "दुसरे लोक पार्सल दाबून टाकतात, नाही तं फेकून देतात. तुमी घरापर्यंत परत आणून देता. वरून चिठ्ठी लावता. आमी तं तवाच समजून जातो का अजून कमी पडून राहिलं."

"काय कमी पडायचं?" मी विचारलं.

"पॅकिंग, मॅडम. शिकाले टाइम लागला आमाले. पहिले नुसती थैली होती, परत आली. मंग हवा काढून बंद केली, तरी परत. मंग थैलीले बाहेरून ब्लीचिंगच्या पाण्यानं पुसून पाह्यलं. मंग माल भरणारा माणूस वेगळा केला, खोकं बांधणारा वेगळा. मंग खोलीबी वेगळी केली, कपडे बदलून जाचं. चौदा खेपा लागल्या. पण आता पाहा, एक वापस येत नाही."

तो हे अभिमानाने सांगत होता, आणि का सांगू नये? आमच्याकडे तक्रार न करता पुन्हापुन्हा माल पाठवणारा ग्राहक होता तो. मी चहाचा कप खाली ठेवला. मधाच्या बाटलीला कोणी ब्लीचिंग लावत नाही. ब्लीचिंग लावतात ते डीएनए मारायला. कपडे बदलून दुसऱ्या खोलीत जातात ते अंगावरचा भुगा खोक्याला लागू नये म्हणून. आमच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत नवीन माणूस घेतला की त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आणि भैयालाल दहावी तरी झाला होता की नाही कोण जाणे. त्याला आम्ही शिकवलं होतं. तो उत्तर लिहून पाठवायचा, आम्ही तपासून 'चूक' असा शेरा मारून घरपोच परत द्यायचो, तो सुधारून पुन्हा पाठवायचा. पंधराव्या वेळी तो पास झाला.

"मॅडम, एक विनंती होती," निघताना भैयालाल म्हणाला. "नवीन मशीन येनार म्हणतात. चिठ्ठीवर थोडं खुलासेवार लिहत जा ना, कुठं कमी पडलं ते. फुकट खेपा वाचतील आमच्या."

मी मान हलवली, काय करणार होते? इस्माईलभाईंनी गाडी फाट्यावरून वळवली. मग म्हणाले, "मी दर वेळी त्याच्या हातात देत होतो, बाई. तो मला पाणी द्यायचा. मी प्यायलोय ते पाणी." पुढे कारघाटचं जंगल लागलं आणि आम्ही दोघंही खिडकीबाहेर पाहिलं नाही.

सबनीस साहेब गुरुवारी हबवर येतात. मी यादी त्यांच्यापुढे ठेवली आणि फाट्यावरची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली. गोरा, नीटस माणूस, कधी आवाज चढवत नाही. आधी मला ते सभ्यपणाचं लक्षण वाटायचं.

"मला वाटलं होतं तुला केव्हाच कळलं असेल," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"एकाच प्रेषकाची चौदा पार्सलं परत जातात, तेव्हा माझ्या स्क्रीनवर ते दिसतं, कुमुद. आपण पोलीस नाही. आपण भागीदार आहोत. करारात आपलं काम लिहिलंय, वन्यजीव मालाची वाहतूक रोखणे. आपण चौदा वेळा रोखली."

"आणि पंधराव्यांदा?"

"पंधराव्यांदा यंत्राने काही सांगितलं नाही. यंत्राने सांगितलं नाही ते आपल्याला माहीत नाही."

"साहेब, माझ्या भावाला या शून्यावर घरी बसवलंय."

"वाईट वाटलं ऐकून. त्याच्यासाठी एखादा चांगला वकील बघू आपण. पण यादी बाहेर जाता कामा नये. ग्राहकाची गोपनीयता आहे. आणि एक लक्षात घे, तो नियम तुझ्या सहीचा आहे. तो मी लिहिलेला नाही."

माणूस इतका गुळगुळीत कसा होतो हे मला कळत नाही. समोर रक्त सांडलेलं असताना हा फरशी ओली आहे म्हणून बाजूने जातो. अशाला चोर म्हणता येत नाही, कारण याने काहीच घेतलेलं नाही. पण भैयालालचा मला जितका राग आला त्याच्या दसपट याचा आला. भैयालाल निदान जंगलात जाऊन, काटे तुडवून, फासा लावून चोरी करत होता किंवा करवून घेत होता. आणि ज्यांनी 'वन्यमित्र' म्हणून छातीवर बिल्ले लावले ते खुर्चीतून न उठता त्याला दार उघडून देत होते. त्या बिल्ल्यांतला एक माझ्याही पर्समध्ये होता. तो राग बाहेर काढायचा तर आधी माझ्यावरूनच जावा लागणार होता, आणि खरं सांगते, दोन दिवस मी तो गिळून बसले.

तिसऱ्या दिवशी होमराजकडे गेले. तो अंगणात खाटेवर बसला होता, अंगात खाकी नव्हती, तेवढ्यानेच वयस्क दिसत होता. त्याची बायको छबी तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. ठिपके, चिठ्ठ्या, चौदा पार्सलं. नियम माझा होता हेही सांगितलं. ते सांगताना माझी नजर त्याच्या पायांवर होती.

त्याने पाय खाटेवर ओढून घेतले. मग म्हणाला, "चौदा वेळा तुले कळलं का हा माल माह्या जंगलातला आहे."

"जंगल कोणतं ते कुठं कळे रे. प्राणी कळे फक्त."

"पाठवणाऱ्याचा पत्ता कारघाट फाटा होता ना, बाई? कारघाटात कोण राह्यते हे तुले ठाव नव्हतं?"

मी पर्समधून यादी काढून त्या पत्त्यावर बोट ठेवलं.

"मले एक फोन करता आला असता तुले," तो म्हणाला. "सरकारले नोको करू, ट्रक अडकते तुमचा. मले करायचा. मी सायकलनं गेलो असतो फाट्यावर. पयल्या पार्सलालेच गेलो असतो. राखीले येते तू, भाऊबीजेले येते, पोरीले फ्राक आणते. आन हे एवढं नाही सांगता आलं तुले?"

"माह्या डोक्यातच नाही आलं, होमराज. खोकं पाहिलं का मले पाठवणारा दिसते, घेणारा दिसते. त्याच्यात जंगल आहे, तू आहे, हे दिसलंच नाही."

तो उठून घरात गेला. छबीने सूप बाजूला ठेवलं नाही आणि चहाचं विचारलं नाही. त्या घरात चहाशिवाय मी कधी परतले नव्हते.

सोमवारी मी यादी घेऊन सहायक वनसंरक्षकांच्या कार्यालयात गेले. खोब्रागडे मॅडम, चौकशी त्यांच्याकडेच होती. माझ्याजवळ आणखी एक गोष्ट होती. परत गेलेलं पार्सलसुद्धा आमच्या लेखी पोचवलेलं पार्सल असतं, आणि पोचवलं की घेणाऱ्याचा दारातला फोटो, वेळ आणि ठिकाण नोंदवावंच लागतं. इस्माईलभाई नियमाला पक्के. चौदा फोटोंत भैयालाल हातात खोकं धरून उभा होता, दोन फोटोंत हसत होता.

खोब्रागडे मॅडमनी यादी वाचली आणि चष्मा काढून डोळे चोळले. "आम्ही नाके बंद केले," त्या म्हणाल्या, जणू स्वतःलाच. मग फोन फिरवला. दुपारी गोदामावर धाड पडली. पण कुठून तरी बातमी फुटली होती. कुठून ते मी सांगू शकत नाही, माझ्याजवळ पुरावा नाही. एवढंच सांगते की मी कार्यालयात शिरले तेव्हा माझ्या मोबाइलवर सबनीस साहेबांचे सहा मिस्ड कॉल होते. गोदामात मध होता, हिरडा होता, धुतलेली ओली जमीन होती आणि ब्लीचिंगचा वास होता. खवला एक नव्हता.

म्हणजे आता सगळं नाकवालीच्या शब्दावर आलं. चौदा वेळा चमकलेला ठिपका खरा असेल तर माल पार्सलने जात होता, शून्य खोटा होता आणि होमराज निर्दोष होता. ठिपका खोटा असेल तर फोटोत एक मधवाला स्वतःचा मध हातात घेऊन उभा होता.

दोन दिवसांनी कंपनीचे वकील माझ्या घरी आले. सोबत टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र होतं, माझ्या नावचं. त्यात लिहिलं होतं की त्या काळात यंत्राच्या गाळण्या दूषित होत्या, एकेचाळीसही ठिपके चुकून चमकले, आणि म्हणून निर्दोष ग्राहकांचा माल सौजन्याने परत करण्यात आला. खाली माझ्या सहीची जागा.

"तुम्ही रोज सकाळी रिकामं खोकं यंत्रातून काढता ना?" वकिलांनी विचारलं.

काढते. नाकवाली सुरू करायच्या आधी कोरं खोकं घालतात. एकही ठिपका चमकला नाही तर गाळणी स्वच्छ. रोजच्या त्या चाचणीवर माझी सही असते, सुटी असली तरच दुसऱ्याची.

"ती चाचणी कधीकधी राहून जायची, एवढं म्हणायचं. कोणाकडूनही राहू शकतं. यात तुमचाच फायदा आहे, मॅडम. ठिपका खरा होता असं तुम्ही म्हणालात, तर वन्यजीवाचा अवयव आहे हे ओळखून तुम्ही तो आरोपीला परत केलात. तो गुन्हा आहे. तीन वर्षं जाऊ शकतात. सही केलीत तर गुन्हाच नाही, कोणाचाच नाही."

"आणि माझा भाऊ?"

"त्यांची केस वेगळी आहे."

त्या माणसाने माझ्याच बैठकीत, माझ्या टीव्हीसमोर बसून हे सांगितलं. म्हणजे सगळ्यांनी हात झटकायचे, आणि त्यासाठी मी म्हणायचं की एकवीस वर्षांत एकदा तरी मला माझं काम येत नव्हतं. मी विचार केला नाही असं नाही. तीन वर्षं म्हणजे काय ते माझ्या वयात कळतं. मी त्यांना पाणी दिलं आणि कागद ठेवून जा म्हटलं.

त्यांच्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी माझा जबाब लिहिला आणि दुसऱ्या दिवशी खोब्रागडे मॅडमच्या टेबलावर ठेवला. तो फार लांब नव्हता. 'यंत्र बरोबर होतं. गाळणी स्वच्छ होती, रोज सकाळी मी स्वतः तपासली आहे. माल परत पाठवण्याचा नियम मी केला. तो कंपनीला माहीत होता आणि कंपनीने त्याला शून्य म्हटलं. वनरक्षक होमराज नेवारे यांनी काहीही केलेलं नाही. जे केलं ते आम्ही केलं.'

मॅडमनी तो वाचला. "यात तुमच्यावर गुन्हा दाखल होतो, समजतंय ना?"

"समजतं."

"तुम्ही, तो भैयालाल. कंपनीचं मी वर लिहिलंय. वरून उत्तर आलंय की मंचाशी करार असल्याने आधी मार्गदर्शन घ्यावं." त्यांनी फाइल मिटली. "म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको."

सांगायला नको होतं. त्याच सकाळी कंपनीने मला काढल्याचं पत्र आलं होतं, एका अधिकाऱ्याची वैयक्तिक चूक म्हणून. त्याच आठवड्यात मंचाच्या संकेतस्थळावर तत्परला तिसऱ्या वर्षीचं प्रमाणपत्र मिळाल्याची बातमी होती. शून्य नोंद. फोटोत सबनीस साहेब एका शाळेच्या मुलांसोबत रोप लावत होते. हे वाचणाऱ्याला विचारावंसं वाटतं की त्या मुलांना कोणी काय सांगितलं असेल. आणि पार्सलं? भैयालाल आत जाईल, पण त्याची पॅकिंगची विद्या आत जाणार नाही. ती आता ज्याला हवी त्याच्याकडे असणार.

"जबाबात एक कमी आहे," मॅडम म्हणाल्या. "चौदा पार्सलांच्या तारखा ओळीने लिहून द्या. कोर्टात लागतील."

मी बाहेरच्या बाकावर कागद घेऊन बसले. निलंबित माणसाला रोज कार्यालयात हजेरीची सही करावी लागते. होमराज तेवढ्यासाठी आला होता. सही करून तो निघून जाईल असं मला वाटलं. खाटेवरच्या त्या दिवसानंतर आम्ही बोललो नव्हतो. पण मॅडमनी त्याला आत बोलावलं, आणि तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात माझा जबाब होता. त्याने तो उभ्याउभ्या वाचला, पुन्हा वाचला, आणि माझ्या शेजारी बसला. मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.

"पयली तारीख सांग," तो म्हणाला.

मी सांगितली.

त्याने जरा वेळ डोळे मिटले. "धावड्याच्या झाडाखालचं बीळ. त्या आठ दिवसांत बंद पडलं ते. तारखेपुढं तेही लिही."

मी तारखेपुढे लिहिलं, धावड्याच्या झाडाखालचं बीळ. दुसरी तारीख सांगितली. त्याने दुसरं बीळ सांगितलं. जंगलात ती नावं फक्त त्यानेच ठेवलेली होती, कुठल्या नकाशात नव्हती. माझ्या तारखा आणि त्याची बिळं एकामागून एक बसत गेली, एकही सुटली नाही. सातव्या तारखेला तो थांबला.

"हे नाल्याच्या वळणावरचं," तो म्हणाला. "मादी होती तिथं. शेपटीवर पिल्लू बसवून फिरे."

माझं पेन कागदावरच राहिलं.

"पिल्लाचंही लिहू?" मी विचारलं.

"लिही," होमराज म्हणाला.